भुकेल्याचा होकार

मजुरी ठरविताना आपल्याकडे एक वाक्य हमखास कानी पडते : 'तुम्ही द्याल ते.' वाडीवर खुरपणीला आलेली बाई ते म्हणते, घरकाम मागावयास आलेली मुलगी तेच म्हणते. ऐकणाऱ्याला ते नम्रतेचे वाटते, आणि खरे सांगावयाचे तर सोयीचेही वाटते. पुढे जी रक्कम ठरते ती उभयतांच्या संमतीने ठरली, असे आपण मानतो. कुणी कुणावर बळजबरी केलेली नसते. ठरलेला पैसा महिनाअखेरीस न चुकता हातावर ठेवला, की व्यवहार चोख झाला. कायद्याच्या भाषेत यालाच करार म्हणतात. परंतु करार झाला म्हणजे न्यायही झाला, असे म्हणता येईल काय?

प्रश्न साधा दिसतो, पण तो तसा नाही. अमेरिकेत १९०५ ते १९३७ अशी बत्तीस वर्षे न्यायमूर्ती, कायद्याचे पंडित आणि आपले कॅथलिक धर्मगुरूही या एका प्रश्नावर झुंजत राहिले. निराळ्या वाटेने तोच प्रश्न पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारी आला.

न्यूयॉर्क राज्यातील युटिका नावाच्या गावी जोसेफ लॉक्नर नावाच्या एका जर्मन स्थलांतरिताची छोटी बेकरी होती. त्या काळी शहरांतील पुष्कळशा बेकऱ्या इमारतींच्या तळघरांत असत. वर सांडपाण्याचे नळ, खाली ओल, हवेत पिठाची धूळ, आणि भट्टीची धग. कामगार रात्रभर राबत आणि अनेक ठिकाणी तेथेच पिठाच्या पोत्यांशेजारी अंग टाकीत. १८९५ साली राज्याच्या विधिमंडळाने एकमताने कायदा केला, की बेकरीतील कामगाराकडून दिवसाला दहा व आठवड्याला साठ तासांहून अधिक काम घेता कामा नये. लॉक्नरने घेतले. दुसऱ्यांदा पकडला गेला तेव्हा त्याला ५० डॉलर दंड झाला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे त्याची बाजू मांडणारा हेन्री वाइझमन हा एके काळी बेकरी कामगारांचा पुढारी होता आणि याच कायद्यासाठी त्याने चळवळ केली होती! मनुष्याचे मत बदलते. कधी मनुष्याचा धंदा बदलला म्हणूनही बदलते. असो.

१९०५ च्या एप्रिलमध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी लॉक्नर जिंकला. न्यायमूर्ती पेकहॅम यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्याचा आशय असा, की आपले श्रम किती तास विकावयाचे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य कामगाराला आहे, घ्यावयाचे किती ते ठरविण्याचे मालकाला आहे, आणि दोन जाणत्या प्रौढांच्या मध्ये येण्याचा सरकारला अधिकार नाही. हे स्वातंत्र्य त्यांनी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतून काढले. ती दुरुस्ती झाली होती १८६८ साली, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या रक्षणासाठी! गुलामाच्या मुक्ततेसाठी उघडलेल्या दारातून बेकरीचा मालक आत आला. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत देताना बेकरी कामगारांच्या फुप्फुसांकडे बोट दाखविले. होम्स यांनी तर मोजक्या शब्दांत सांगितले, की अमेरिकेची घटना म्हणजे हर्बर्ट स्पेन्सरचा ग्रंथ नव्हे. (हा स्पेन्सर आगरकरांमुळे मराठी वाचकाच्याही ओळखीचा आहे, व्यक्तिस्वातंत्र्याचा तो कडवा पुरस्कर्ता होता.)

विशेष म्हणजे, अवघ्या सात वर्षांपूर्वी, १८९८ साली, याच न्यायालयाने युटाह राज्यातील खाणकामगारांसाठी आठ तासांची मर्यादा मान्य केली होती, आणि मालक व मजूर एकाच पातळीवर उभे नसतात हेही कबूल केले होते. खाणीच्या तोंडाशी जे दिसले ते भट्टीच्या तोंडाशी दिसले नाही.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाला अगोदरच हात घातला होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र प्रसृत केले. त्यात त्यांनी करार नाकारला नाही. मालक व मजूर यांनी आपसांत ठरवावे, हे त्यांनी मान्यच केले. पण त्या कराराच्याही वर एक जुना आणि मोठा न्याय आहे, असे त्यांनी बजावले. साध्या, काटकसरी कामगाराचे पोट भरावे इतके वेतन असलेच पाहिजे. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही पदरी पडेल या भीतीपोटी त्याने कमी वेतन मान्य केले असेल, तर तो जबरदस्तीचा बळी ठरतो. हे शेवटचे विधान वाचकांनी नीट ध्यानी घ्यावे. कामगाराने 'हो' म्हटले आहे. तरीही ती जबरदस्ती आहे, असे पोपमहाशय म्हणतात.

मिनेसोटा राज्यातील एका आयरिश शेतकऱ्याचा मुलगा, फादर जॉन रायन, याने हे विधान मनावर घेतले. १९०६ साली त्याचा 'अ लिव्हिंग वेज' हा प्रबंध पुस्तकरूपाने आला. फादर रायनचे आम्हांला कौतुक वाटते ते एवढ्यासाठी, की तो उपदेशावर थांबला नाही. त्याने हिशेब मांडला. अन्न, वस्त्र, निवारा, आजारपण-म्हातारपणाची थोडी तरतूद, आणि मनाच्या व आत्म्याच्या वाढीसाठी काहीतरी, एवढे सारे धरून अमेरिकेतील शहरी कुटुंबाला वर्षाला किमान ६०० डॉलर लागतात, असे त्याने लिहिले. आत्म्याची वाढ डॉलरांच्या हिशेबात घेणे कुणाला विचित्र वाटेल. आम्हांला ते फार प्रामाणिक वाटते.

ओरेगन राज्यात तर याहून पुढची गोष्ट घडली. तेथे १९१३ साली स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा झाला आणि वेतन ठरविणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद पोर्टलंडचे धर्मगुरू फादर एडविन ओहारा यांच्याकडे आले. कागदी खोकी बनविणाऱ्या एका कारखानदाराने त्यांच्यावरच दावा लावला. 'स्टेटलर विरुद्ध ओहारा' या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९१७ साली न्यायमूर्तींची मते चार-चार अशी समसमान पडली, आणि त्यामुळेच कायदा टिकला.

आता कुणी म्हणेल, की कॅथलिक तेवढे गरिबांच्या बाजूचे आणि बाकीचे मालकांचे. तसे मुळीच नव्हते. लॉक्नरला जिंकून देणाऱ्या पाचांत न्यायमूर्ती मॅकेना हे कॅथलिक होते, विरोधात मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती व्हाइट हेही कॅथलिकच. पुढे न्यायालयात आलेले पिअर्स बटलर हे तर फादर रायनच्याच डकोटा परगण्यात जन्मलेले, तसेच आयरिश वंशाचे, वयाने त्याच्याहून तीनच वर्षांनी मोठे. दोघेही एकाच श्रद्धेत वाढले. एकाने किमान वेतनासाठी आयुष्य वेचले, दुसऱ्याने न्यायासनावरून त्याला अखेरपर्यंत विरोध केला. बटलर यांना गरिबांची कणव नव्हती, असे म्हणून हा भेद उडवून लावणे सोपे आहे. पण त्यांच्या बाजूलाही एक खरी गोष्ट होती, आणि ती विली लायन्स हिच्या कहाणीत दिसते.

विली लायन्स ही २१ वर्षांची तरुणी वॉशिंग्टन शहरातील एका हॉटेलात लिफ्ट चालवीत असे. महिना ३५ डॉलर आणि दोन वेळचे जेवण. काम हलके, जागा स्वच्छ, तास थोडे. तिची काही तक्रार नव्हती. १९१८ साली काँग्रेसने राजधानीपुरता स्त्रियांसाठी किमान वेतनाचा कायदा केला. ठरलेला दर देणे हॉटेलला परवडेना, की द्यावयाचा नव्हता. काही असो, त्यांनी विलीला काढून टाकले. जिच्या भल्यासाठी कायदा केला तिचीच नोकरी गेली! ती न्यायालयात गेली. तिचे म्हणणे सरळ होते : मला या पगारात काम करावयाचे आहे, तुम्ही मध्ये पडणारे कोण? १९२३ साली न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. बहुमतात बटलर होते. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलंड यांनी, स्त्रियांना आता मताधिकार मिळाला आहे, त्यांना अजाण समजून करारातून वगळू नका, असाही युक्तिवाद केला. तो ऐकावयास वाईट नाही.

विलीचा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. श्रीमंत दयाळू लोक गरिबाच्या सौद्याकडे पाहून 'छे, हा फारच वाईट सौदा' असे म्हणतात आणि तो बंद पाडतात. नंतर ते घरी जातात, आणि गरीब बिनसौद्याचा उरतो. लॉक्नरच्या खटल्याविषयीही डेव्हिड बर्नस्टीन या कायद्याच्या प्राध्यापकाने २०११ साली एक ग्रंथ लिहून दाखविले, की बेकरी कायद्यामागे मोठ्या बेकऱ्यांचे आणि संघटित कामगारांचेही हितसंबंध होते. छोट्या, परदेशातून आलेल्या बेकरीवाल्यांना तो जाचक होता. सगळेच कायदे करुणेपोटी होत नाहीत, हे आपल्या देशात तरी वेगळे सांगावयास नको.

मग पोप लिओ चुकले काय? आम्हांला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण विलीचा निकाल लागला त्याच वर्षी रॉबर्ट हेल नावाच्या एका विद्वानाने लिहून ठेवले आहे. हेल हा वकीलही होता आणि अर्थशास्त्रज्ञही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. बाजारात सरकार नसते, तेथे केवळ दोन स्वतंत्र माणसे भेटतात, हाच मुळी भ्रम आहे. भुकेला मनुष्य कोठारातले धान्य उचलून घेत नाही, ते का? कोठाराला मालक आहे आणि मालकामागे पोलीस आहे म्हणून. धान्य मिळवावयाचे तर पैसा हवा, पैसा हवा तर ज्याच्यापाशी तो आहे त्याच्या अटीवर काम करणे आले. म्हणजे मजूर 'हो' म्हणतो त्या क्षणी कायदा तेथे अगोदरच हजर असतो. तो कोठाराच्या दाराशी उभा असतो. हेलने मालमत्तेचा कायदा मोडून काढा असे म्हटले नाही. मजूरही आपले श्रम रोखून धरून मालकाला वाकवू शकतो, हेही त्याने सांगितले. त्याचा मुद्दा एवढाच, की 'सरकारने मध्ये पडू नये' हे वाक्य निरर्थक आहे. सरकार मध्येच असते. तेव्हा विचारावयाचे ते हे, की सरकारने कुणाच्या हाती किती जोर दिला आहे.

१९३७ साली न्यायालयाने आपलेच मत फिरविले. वेनॅची गावातील एका हॉटेलात खोल्या आवरणारी एल्सी पॅरिश हिला कायद्याने ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळावयास हवे होते, ते मिळाले नव्हते. फरक होता २१६ डॉलर १९ सेंटचा. पाच विरुद्ध चार मतांनी ती जिंकली. विरोधात लिहिणाऱ्यांबरोबर बटलर होतेच. मुख्य न्यायमूर्ती ह्यूज यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदविली : मालक पोटापुरते वेतन देत नाही तेव्हा उरलेले पोट समाजाला भरावे लागते, म्हणजे अशा मालकाला सगळे गाव मिळून अनुदानच देत असते.

आपल्याकडे हा वाद एका जुन्या, काळ्या शब्दाभोवती फिरला. तो शब्द म्हणजे वेठ. जुन्या ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघरात, वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून उचल घेई आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे. ती सहसा फिटत नसे. त्याला लग्नगडी म्हणत. कागदावर त्याचा अंगठा असे, आणि अंगठा म्हणजे संमती. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे हे जग मराठी वाचकाला ठाऊक झाले. १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या आपल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हाच प्रश्न उघड विचारला : बेकार माणसाला एकीकडे कसलीही नोकरी आणि दुसरीकडे मूलभूत हक्क यांतून निवडावयास सांगितले, तर तो काय निवडील? सरकारने हात आखडला म्हणजे स्वातंत्र्य येते असे नव्हे, मालकाची सत्ता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली ती या पार्श्वभूमीवर.

परंतु वेठ म्हणजे नेमके काय? १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत बांधकामे चालू होती. मजुरांना रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे ठरली होती. ती जमादारामार्फत दिली जाई आणि जमादार त्यातला एक रुपया आपल्याकडे ठेवी. एका नागरी हक्क संघटनेने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले आणि त्या पत्राचीच याचिका झाली. मजुरांना कुणी बांधून आणले नव्हते, ती आपखुशीने आली होती, मग ही वेठ कशी? सप्टेंबर १९८२ च्या निकालात भगवती यांनी उत्तर दिले, की जबरदस्ती फक्त चाबकाची वा कायद्याची नसते, भुकेचीही असते. दुसरा मार्गच नसल्यामुळे जो मनुष्य किमान मजुरीहून कमीत राबतो, त्याचे श्रम सक्तीचेच होत. लिओ यांनी ९१ वर्षांपूर्वी लिहिलेल्या विधानाचा आणि या निकालाचा आशय किती जवळचा आहे!

येथे एक विलक्षण योग आहे. या निकालाच्या आठच वर्षे आधी, १९७४ मध्ये, हार्वर्डचे तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी वेठीविषयी नेमके उलटे मत मांडले होते. मनुष्याच्या कमाईवर कर बसविणे म्हणजे तितके तास त्याला दुसऱ्यासाठी सक्तीने राबविणे होय, असे ते म्हणत. आणि ज्याला नावडते काम आणि उपासमार यांतूनच निवडावे लागते त्याचे काय? इतरांनी आपापल्या हक्कांच्या मर्यादेत राहून वर्तन केले असेल, तर त्याची निवड ऐच्छिकच, असे नोझिक यांचे उत्तर. जॉन रॉल्स यांनी १९७१ साली न्यायाची वेगळी कसोटी सुचविली होती. नोझिक यांचा ग्रंथ बऱ्याच अंशी तिला दिलेला जबाब आहे. तो वाद मोठा आहे, त्यात येथे शिरत नाही. नोझिक भगवतींच्या वेठीला स्वातंत्र्य म्हणतात, आणि स्वतः करालाच वेठ म्हणतात. दोघेही प्रामाणिक आहेत. दोघांपैकी एकच बरोबर असू शकतो.

आमचे मत असे, की संमतीची परीक्षा 'हो'वर होत नाही, 'नाही'वर होते. जो 'नाही' म्हणून घरी जाऊ शकतो आणि ज्याची चूल तरीही पेटते, त्याच्या 'हो'ला किंमत आहे. कर भरणारा नोकरदार नोकरी बदलू शकतो, तास कमी करू शकतो. लग्नगड्याला यांतले काही शक्य नव्हते. दोन्हींना एकच शब्द लावणे आम्हांला मान्य नाही. पण याच कसोटीवर विली लायन्सचा जाबही द्यावा लागतो. कायद्याने तिचे एक दार बंद केले आणि दुसरे उघडले नाही. 'हा सौदा करू नकोस' असे गरिबाला सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो त्याच्या पुढच्या जेवणाची जबाबदारी घेतो. आज मोबाइलवरच्या हुकुमाने घरोघर खाणे पोहोचविणारी मुले 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवतात, तेव्हाही त्यांना 'नाही' म्हणता येते काय, हेच पाहावयास हवे. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला, तो याच विचाराने असावा.

दुसरे दार उघडण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, याचा आपल्याला बऱ्याचदा विसर पडतो. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खेड्यातल्या कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर ते देणे सरकारवर बंधनकारक झाले. पुढे २००५ साली केंद्रानेही त्या धर्तीवर कायदा केला. दुष्काळी कामावरही किमान मजुरी द्यावीच लागेल, उपाशी माणसाच्या गरजेचा फायदा सरकारलाही घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली राजस्थानच्या एका खटल्यात सांगितले. रोजगार हमीत गैरव्यवहार झाले, हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी उशिरा मिळाली. हे सारे खरे आहे. तरीही त्या खडी फोडणाऱ्या रांगांत बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि हमीची मजुरी मिळू लागल्यावर शेतमालकाला वर्षानुवर्षे 'तुम्ही द्याल ते' म्हणणाऱ्या बाईला 'उद्यापासून येत नाही' असेही म्हणता येऊ लागले.

या योजनेसाठी पैसा उभा करावा म्हणून १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला. मुंबई-वसईतल्या नोकरदाराच्या पगारातून तो आजही कापला जातो : दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. पगारपत्रकावरची ही ओळ आपल्या घरांतून फारसे कुणी वाचत नाही. वाचलीच तर फेब्रुवारीत, आणि तीही जास्तीचे १०० रुपये कशाचे कापले म्हणून.